पाळण्यात न बसण्यासाठी औंधला

आकाशपाळण्याच्या बाबतीत मी फार चिकित्सक आहे. साडीच्या दुकानात मला पहिली दाखवलेली साडी चालते. भाजीवाल्यानं पिशवीत काय भरलं ते मी घरी आल्यावर बघते. लग्नाच्या वेळी मुलगासुद्धा मी दुसऱ्या खेपेला नीट पाहिला. पण पाळणा कसा असावा याबद्दल माझी ठाम मतं आहेत, आणि ती कोणीही विचारत नाही हे माझं जुनं दुःख आहे.

मुलगी दुपारची निजली आहे, तेवढ्यात न विचारता सांगून टाकते. मिरजेच्या उरसातला पाळणा वेगाला चांगला, पण खुर्च्या अरुंद; शेजारी कोण बसतं यावर सगळं अवलंबून. पुसेगावचा सगळ्यांत उंच, मात्र वर गेल्यावर बैलबाजाराच्या धुळीपलीकडे काही दिसत नाही. म्हसवडचा पाळणा फिरतो त्यापेक्षा हलतो जास्त. तो धाडसी लोकांसाठी. सांगलीत, म्हणजे माझ्या माहेरी, गणपतीच्या दिवसांत येणारे कोलंबस आणि टोराटोरा ही पाळण्याची धाकटी भावंडं. गंमत येते, पण त्यांच्यावर जीव जडत नाही.

लग्नानंतर हे मला मुंबईला, खाडीपलीकडच्या एका भल्यामोठ्या बागेत घेऊन गेले. साताऱ्याच्या माणसानं मधुचंद्राला महाबळेश्वरला जाणं म्हणजे आपल्याच गच्चीवर सहलीला जाणं, असं ह्यांचं मत. तिथं रोलरकोस्टर होता. मी त्यात लागोपाठ बसत राहिले आणि हे बाकावर माझी पर्स मांडीवर घेऊन, नवरदेवाला न शोभेलशा चेहऱ्यानं बसून राहिले. छान होता, खोटं कशाला बोलू. पण ती गाडी माणसाला वर नेते ती खाली टाकण्यासाठी. वर थांबू देत नाही. पाळण्याचं तसं नसतं. खालच्या खुर्चीत कोणीतरी चढत असतं, कोणाची चप्पल पडते, कोणाचं पोर रडतं, आणि तेवढा वेळ तुम्ही वर, अगदी टोकाला, पाय मोकळे सोडून बसलेले असता. त्या वेळी तुमच्यावर कोणाचाच हक्क नसतो. कुकरचासुद्धा नसतो.

आणि त्या थांब्यासाठी औंधच्या पाळण्याला तोड नाही. पौषात यमाईच्या यात्रेला तो येतो. वर गेलं की एका अंगाला मूळपीठाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला देवळापुढची उंच दीपमाळ, मधे हुरड्यावर आलेली ज्वारी, आणि सगळ्यावर ते हिवाळ्याचं पातळ ऊन. पाळणा किंचित करकरतो, एखादी म्हातारी उठताना हळूच 'आई गं' म्हणते तसा. लहानपणी मी वडिलांबरोबर त्यात बसले तेव्हाच मी ठरवलं होतं की मोठेपणी आपण तिथं राहायला जायचं. औंधला नव्हे. त्या खुर्चीत.

तर हा पाळणा मी सोडला. कसा, ते सांगते.

आमची स्वानंदी तिसऱ्या वर्षात निम्मी आत आली तरी बोलत नव्हती. ऐकू सगळं येई. शेजारच्या घरात बिस्किटाचा पुडा फुटला तरी तिला कळे. 'आजीचा चष्मा आण' म्हटलं की आणून देई, 'ठेव' म्हटलं की ठेवी, गोष्टीतला वाघ आला की माझ्या कुशीत शिरे. ओठ मात्र मिटलेले. सांगलीच्या डॉक्टरांनी कान तपासले, घसा पाहिला आणि सांगितलं, काही दोष नाही, बोलेल, वाट बघा.

'वाट बघा' हे औषध आमच्या साताऱ्याच्या आळीत कोणालाच मान्य नव्हतं. शेजारच्या विजयमालाकाकूंनी जिभेवर लावायला वेखंड आणून दिलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या धोंडुबाईनं पोपटानं उष्टावलेला पेरू कुठून तरी पैदा केला. कोणी देवळाच्या घंटेवर ओतलेलं पाणी पाजायला सांगितलं. विजयमालाकाकूंचे यजमान आकाराम फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांचं मत पडलं की पोरीच्या कानावर हुकूम पडत नाहीत, म्हणून ती बोलत नाही. ते रोज सकाळी फाटकाशी येऊन तिला 'सावधान' म्हणू लागले. ती सावधान उभी राहायला शिकली. अजूनही फार सुंदर उभी राहते.

मी दिवसभर तिच्याशी बोलत असे. भाकरी थापताना, तिची वेणी घालताना, दोरीवर तिची एवढीएवढी झबली आणि परकर वाळत टाकताना. मग वाटे, आपणच इतकं बोलतो म्हणून तिला मधे शिरायला जागा मिळत नसेल. मग मी गप्प बसून तिच्याकडे बघत राही. तीही माझ्याकडे बघे. दोघींचा पूर्ण दिवस असा जाई, आणि संध्याकाळी हे घरी आले की विचारत, आज काय विशेष. आम्ही दोघी माना हलवायचो.

शेवटी सासूबाई यमाईला नवस बोलल्या. आमच्या घरची पद्धत अशी की देवीला काही देऊ करायचं नाही, तिला काय कमी आहे. आपल्याला जे सगळ्यांत प्रिय ते सोडायचं. काम झालं की तिच्या दारात जाऊन ते परत धरायचं. सासूबाईंनी चहा सोडला. ज्यांनी त्यांना पाहिलेलं नाही त्यांना या वाक्याची उंची कळणार नाही. सासूबाई उठल्यावर चहा घेत, पूजेआधी घेत, पूजेनंतर घेत, कोणी आलं म्हणून घेत आणि आज कोणीच कसं आलं नाही म्हणून घेत. हे म्हणाले, मी ऑफिसला जाणं सोडतो. ते नामंजूर झालं, तेव्हा ह्यांनी पान सोडलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "आकाशपाळणा."

देवघरात सासूबाईंनी समईची वात पुढे सारली.

"अगं, वर्षातून एकदा दिसणारी वस्तू सोडायची," सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे वैशाखात स्वेटर सोडल्यासारखं झालं."

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. पण पुसेगाव, मिरज आणि औंध यांतला फरक देवघरात उभं राहून सांगता येत नाही. मी श्रीखंड म्हणाले असते तर चाललं असतं. पण श्रीखंड मला तितकंसं आवडत नाही, आणि देवीला ते माहीत असणार.

महिने गेले. स्वानंदी बोलेना. चहाविना सासूबाईंचं डोकं दुखू लागलं, आणि दुखऱ्या डोक्यात हिशेब फार स्वच्छ होतात. तिघांनी तीन वस्तू सोडल्या, त्यांतल्या दोन खऱ्या. मग देवी अडली असेल तर कुठं अडली असेल? मला त्या तोंडावर कधी काही बोलल्या नाहीत. फाटकापाशी विजयमालाकाकूंना म्हणाल्या, "तीन पायांची तिवई असते हो. एक पाय आखूड असला की कलंडणारच." मी आत तांदूळ निवडत होते. खडा कुठला आणि तांदूळ कुठला, मला दिसेना. माझ्या लेकीच्या जिभेच्या आड मीच उभी आहे, असं माझ्या मनानं घेतलं. एरवी मी अशा गोष्टी हसण्यावारी नेते. पण तीन वर्षांचं पोर समोर बसून तुमच्या ओठांकडे बघत असतं, तेव्हा माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

निवाडा सुभेदारांनी दिला. ते म्हणाले, "सूनबाई, तुमी सोडलंय म्हंता, पर ते समोर आलंच न्हाई तर सोडलं कसं म्हणायचं? युद्धबंदीसुदीक बॉर्डरवर हुबं ऱ्हाऊनच पाळत्यात. घरात बसून न्हाई."

म्हणजे काय करायचं, तर पौषात औंधच्या यात्रेला जायचं, चालू पाळण्यासमोर उभं राहायचं आणि बसायचं नाही. सासूबाईंना हे एकदम पटलं. मलाही पटलं. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, तेव्हा त्यांना पटलं की नाही ते कळलं नाही.

बातमी आळीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. विजयमालाकाकू म्हणाल्या, उपास धरून उभी राहा. कोणी म्हणालं, अनवाणी. कोणी म्हणालं, पाळण्याकडे पाठ करून. त्यावर सुभेदारांनी सक्त हरकत घेतली. पाठ फिरवणं त्यांच्या पलटणीत बसत नव्हतं. ते स्वतः निरीक्षक म्हणून येणार असल्याचं त्यांनी जाहीर केलं. धोंडुबाईलाही देवीचं दर्शन घ्यायचंच होतं. अशी आमची वरात यात्रेच्या जादा गाडीत बसली. रहिमतपूर येईपर्यंत सासूबाईंनी सगळ्या गाडीला प्रवासाचं प्रयोजन सांगितलं होतं. कंडक्टर फार शांतपणे म्हणाला, "काकू, न्हाईच बसायचं हुतं तर साताऱ्यातच न्हाई बसायचं." गाडी हसली. मी स्वानंदीच्या कानटोपीची नाडी सोडून परत बांधली.

औंधला पोचलो, आणि पाळणा बंद.

उभा होता. तोच होता. नवा निळा रंग दिला होता, पण करकर आत असणार हे बघून कळत होतं. मालक दादासो खालच्या खुर्चीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. त्यानं सांगितलं की यंदा नवीन नियम आलाय. इंजिनीयरसाहेबांनी भार घालून पाळणा फिरवून बघितल्याशिवाय माणूस बसवायचा नाही. भार म्हणजे वाळूची पोती. वाळूचा ट्रक वडूजच्या अलीकडे कुठंतरी चाक काढून बसला होता.

मी मनात म्हटलं, सुटले. पण सासूबाईंनी पदर खोचला.

"बंद पाळण्यात मीपण बसत नाहीये," त्या म्हणाल्या. "ह्या दादासोचा बैलसुद्धा बसत नाहीये. त्यात तुझं विशेष काय?"

त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. मला त्यात बसायचं नव्हतं, म्हणून तो सुरू होणं भाग होतं. हे काम ह्यांच्यावर आलं, कारण हे सरकारी नोकरीत आहेत आणि त्यामुळे सगळी सरकारं ह्यांच्या ओळखीची असतात असा घरात समज आहे. हे यात्रेच्या मांडवात इंजिनीयरसाहेबांकडे गेले. तिथलं बोलणं ह्यांनी मला नंतर, बऱ्याच दिवसांनी, जड आवाजात सांगितलं. साहेबांनी विचारलं, पाळण्यात तुम्हाला बसायचंय का. हे म्हणाले, मला नाही, पत्नीला. साहेब म्हणाले, म्हणजे पत्नीला बसायचंय. हे म्हणाले, नाही, तिला बसायचं नाही.

"मग बंदच आहे की तो," साहेब म्हणाले. "अडचण काय आहे?"

ह्यांचं म्हणणं, कार्यालयीन दृष्ट्या त्या उत्तरात दोष काढायला जागा नव्हती.

वाट काढली ती सुभेदारांनी. यात्रेत गुळाची दुकानं ओळीनं लागलेली. ढेप काही वाळूपेक्षा हलकी नसते. व्यापारी आधी राजी होईनात, पण देवीचं काम म्हटल्यावर ढेपा निघाल्या. साहेब स्वतः आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि प्रत्येक खुर्चीत गूळ बसवण्यात आला. आडव्या दांड्या लावल्या. दादासोनं डिझेलच्या इंजिनाला दोरी ओढून हिसका दिला.

उपाशी, अनवाणी, मी खाली उभी होते, आणि मी सोडलेल्या पाळण्यात गूळ बसून वर चालला होता. एकेक ढेप टोकाला जाई, करकरत थांबे, डोंगर एका अंगाला, दीपमाळ दुसऱ्या अंगाला, सगळं तिला दाखवलं जाई, आणि मग दुसरी ढेप. गुळाला त्याचं काय? आयुष्यात माझा इतका अपमान कोणी केला नव्हता.

साहेबांनी मान हलवली. गूळ उतरला, खुर्च्या चिकट झाल्या, मुंग्यांना बातमी लागली, आणि लोक चढू लागले. सुभेदारांनी मला जागा आखून दिली. मी उभी राहिले.

मला वाटलं होतं, हे सोपं जाईल. बाईमाणूस किती गोष्टींसमोर उभं राहून बसत नाही. पण त्या इंजिनाचा धडधडाट तळपायातून वर आला. खुर्च्या एकामागून एक समोर येत, क्षणभर थांबत, आणि मला न घेता जात. वर कोणी नवी नवरी थांबली होती. तिचा हिरवा पदर वाऱ्यावर डोंगराच्या रेषेला लागत होता. माझी टाच आपोआप उचलली गेली. मी ती खाली टेकवली. डोळ्यांतलं पाणी कानटोपी नीट करण्याच्या निमित्तानं पुसावं म्हटलं, तर कानटोपी स्वानंदीच्या डोक्यावर होती आणि मी रिकाम्या हवेत हात फिरवत होते.

सासूबाई शेजारी कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माझं पहाटे उठल्यावर होतं, तसं होतंय का गं?" त्या हळूच म्हणाल्या.

मी मान हलवली. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, आणि तिवईचा विषय त्या दिवशी संपला.

तेवढ्यात स्वानंदीनं माझं बोट धरून ओढलं. पाळण्याकडे. मी हलले नाही, तेव्हा तिनं दोन्ही हातांनी ओढलं. मला तिला नेता येत नव्हतं. ह्यांना पाळणा नुसता बघूनच गरगरतं. ते आधीच रसवंतीच्या बाकावर टेकले होते. सुभेदारांकडे पाहिलं तर ते म्हणाले की आपण निरीक्षणाच्या ड्यूटीवर आहोत, आणि एकदम आभाळाकडे बघू लागले. धोंडुबाई ओटीचं ताट धरून होती.

"चल गं बये, मी नेते," सासूबाई नातीला म्हणाल्या. "मी चहा सोडलाय. पाळणा नाही."

त्या आयुष्यात शिडीवर चढल्या नव्हत्या. दादासोनं दांडी लावली आणि खुर्ची मागेमागे उचलली गेली. मी खालून सूचना देत होते: मागं रेलून बसा, पाय आवळू नका, वर थांबेल तेव्हा डोळे मिटू नका, तेवढंच बघण्यासारखं असतं. त्यांनी खालीच मिटले होते. ओठ भराभर हलत होते. यमाईची सगळी नावं चालली असणार. त्यांच्या मांडीवर स्वानंदी सावधान बसली होती. टोकाला पाळणा थांबला. तिनं आधी डोंगराकडे पाहिलं, मग ज्वारीकडे, मग खाली, इतक्या खाली असलेल्या माझ्याकडे. तिचं तोंड उघडं होतं.

पाळणा फिरून खाली आला. दादासोनं दांडी वर करायला हात घातला. स्वानंदीनं दोन्ही मुठींनी दांडी धरली.

"न्हाई," ती म्हणाली.

दादासो थांबला. त्याला काय माहीत. तो म्हणाला, पोरी, उतरा आता.

"न्हाई. आजून."

मग धोंडुबाईच्या हातातलं ताट वाजलं. "वैनी, माजं बोलणं हाय त्ये," ती म्हणाली आणि रडायला लागली. खरंच तिचं होतं. आमच्या घरात धोंडुबाईच्या 'न्हाई'ला सासूबाई रोज न चुकता 'नाही' करून परत देत. त्या दिवशी त्यांनी काही दुरुस्त केलं नाही. आणि दादासोनं, बरं बसा मग, म्हणून दांडी खाली टाकली, आणि आजी-नात पुन्हा वर गेल्या. मी दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी. ह्यांनी बाकावरून उठायचा प्रयत्न केला आणि परत बसले. अर्ध्या आभाळातून सासूबाईंचा आवाज आला, अगदी नेहमीचा, पहाटेचा.

"धोंडे, चहा सांग. जास्त साखरेचा."

उतरताना त्यांचं लुगडं गुळाला चिकटलं होतं, ते सोडवायला दोघं लागले. त्यांनी स्वानंदीला कडेवर घेतलं आणि मला खुर्चीकडे ढकललं. म्हणाल्या, देवीच्या दारात परत धरायचं ते लगेच धरायचं असतं, घरी जाऊन नाही. सुभेदारांनी निरीक्षण समाप्त झाल्याचं सांगितलं.

मी बसले. दांडी लागली. औंध माझ्या पायांखालून हळूहळू सरकलं: आधी नारळांचे ढीग, मग रेवड्यांच्या परड्या, मग माणसांची डोकी, मग झाडांचे शेंडे. करकर तीच होती. टोकाला पोचले आणि पाळणा थांबला. खाली कोणी चढत असेल, म्हणून मी पाय मोकळे सोडले. मग इंजिनाला उचकी लागली, आणखी एक लागली, आणि ते गप्प झालं. डिझेल संपलं होतं. खालून दादासोनं हात हलवून काहीतरी सांगितलं आणि डबा घेऊन तो गर्दीत नाहीसा झाला.

एवढा लांब थांबा मला कोणत्याच पाळण्यानं कधी दिला नव्हता. ऊन मूळपीठाच्या डोंगराआड चाललं होतं. दीपमाळेवर कोणीतरी दिवे लावायला चढत होतं आणि एकेक कोनाडा पिवळा होत होता. ज्वारीवरून वारा आला, त्याला गुळाचा वास होता; तो बहुधा खुर्चीचाच असावा. इंजिन बंद असल्यानं यात्रेचा आवाज मऊ झाला होता, पाण्याखालून आल्यासारखा. खाली सासूबाई बशी दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून चहा पीत होत्या. त्यांच्यापाशी लाल कानटोपी दिसत होती. ती वर बघत होती.

"आई," ती म्हणाली.

बारीक आवाज. पण त्या उंचीवर सगळं ऐकू येतं.

"आई, खाली ये."

सगळे माझ्याकडे बघत होते. ह्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरून, तिला काय म्हणायचंय ते मला ओरडून सांगितलं. मी कानावर हात ठेवला, मान हलवली आणि ऐकू येत नाही अशी खूण केली.

म्हणून ती परत म्हणाली.